न वाकणारा गुडघा

डॉक्टरांनी कमलम्माला सगळं नीट समजावून सांगितलं, आणि बाईनं नेमका नको तो उपाय निवडला.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. उजव्या गुडघ्याची झीज बरीच झालीय; पण शेक, हातात काठी, थोडं वजन कमी, लागलंच तर सांध्यात इंजेक्शन, एवढ्यावर अजून चार-पाच वर्षं निघतील. मुंबईत म्हणे धातूचा गुडघा बसवायला लागलेत. पण ते काम नवं, टिकेल किती कोण सांगणार? राहिलं इथलं ऑपरेशन. सांधा कायमचा जखडून टाकायचा. दुखणं जातं, पण पाय जन्मभर खांबासारखा सरळ. मांडी घालणं नाही, उकिडवं बसणं नाही.

"तेच करा," कमलम्मा म्हणाली.

डॉक्टरांना काही उमगेना. सोबत आलेल्या धाकट्या जावेला, नागव्वाला, मात्र लख्ख कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अकरा वर्षांपूर्वी कमलम्माची बोरमाळ गेली आणि आळ आला नागव्वावर. भवानी पेठेतल्या महादेवाच्या देवळासमोर, सगळ्या भाऊबंदांदेखत नागव्वानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. मग कमलम्मानंही उचलला. मी खोटी ठरले तर इथंच गुडघे टेकून हिच्या पायावर डोकं ठेवीन, म्हणाली. तेव्हापासून नागव्वाला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. लेकीची ठरलेली सोयरीक मोडली.

आणि परवा दिवाळीत घरातला हातमाग काढला, त्याचा पाय सोडून बसायचा खड्डा बुजवायला घेतला, तर खड्ड्याच्या कोनाड्यात बोरमाळ! कमलम्माच्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. चोराच्या भीतीनं स्वतःच लपवली आणि स्वतःच विसरली. भाऊबंदांनी शब्द पाळायला श्रावणातला पहिला सोमवार ठरवून दिला. त्याआधीच बाई दवाखान्यात हजर.

ऑपरेशन झालं. चार महिने पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा नागव्वानंच कमलम्माला भाकरी भरवली, वेणी घातली, शौचाचं भांडंसुद्धा दिलं. काय मोठं मन, असं गल्ली म्हणायची. कसलं मन आणि कसलं काय. तिला ते डोकं आपल्या पायावर हवं होतं, आणि त्यासाठी कमलम्मा उभी राहायला हवी होती.

सोमवारी सगळे देवळासमोर जमले. कमलम्मा ताठ पाय ओढत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की मी तयार हाय, पण काय करू, गुडघाच वाकत न्हाय. बाया हळहळल्या. दोघं-तिघं तर घरी जायला वळलेसुद्धा.

नागव्वा देवळाच्या पायऱ्या चढली. छातीएवढ्या उंच ओट्याच्या कडेला, कमलम्माच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. लुगडं घोट्याच्या वर धरलं.

"गुडघा ऱ्हाऊ दे की, अक्का. मान तर वाकतीय."