काठावरील सर्व अडथळे

जेसीबीचं बकेट बांबूच्या बेटापासून हातभर अंतरावर थांबलं, कारण बेटापुढे रीता उभी होती.

"बाजूले व्हा जी ताई," विक्कीने ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज दिला. "दुपारी सानगडीले गाडी न्यायची हाय मले."

ती हलली नाही. तिच्या पाठीमागे नाला गढूळ वाहत होता, अजून अर्ध्याच पात्रात. समोर अंगण आणि घर. हे बेट तिच्या वडिलांनी, जागेश्वर यांनी लावलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंना काठ खचून आत गेला होता. बेट होतं तिथेच तेवढा तो नाकासारखा पुढे राहिला होता. बुंध्याशी दोन बांबूंचे तोडलेले खुंट दिसत होते. ते त्यांच्याच तिरडीला लागले होते, अठरा दिवसांपूर्वी.

"पोरी, हट्ट नोको करू," सरपंच आनंदराव म्हणाले. "हे भिंतीचंच काम होय. ग्रामसभेनं ठराव घेतला, वरून मंजूर होऊन आला. तुया बापानं सात वर्षं माया मागं लकडा लावला होता."

"भिंत कधी बांधणार?" तिने फाइल घेऊन आलेल्या इंजिनियरला विचारलं.

"दोन टप्पे आहेत, मॅडम. यंदा काठ मोकळा करायचा. भिंत पुढच्या आराखड्यात."

"पुढच्या म्हणजे कधीच्या?"

"ते वरून ठरतं."

"आणि या पावसाळ्यात काठ कशानं टिकेल?"

इंजिनियर तरुण होता. "काठ मोकळा झाल्याशिवाय भिंतीची आखणी होत नाही," तो म्हणाला. "तुमची हरकत असेल तर लेखी द्या, मी काम इथेच थांबवतो. मग मात्र गावाचं नाव यादीतून जाईल."

"काठाले आणखी तीन घरं हायेत," आनंदराव हळू आवाजात म्हणाले. "त्याईले मी काय सांगू?"

"बाबांनी भिंत मागितली होती. बांबू काढा म्हणून कुठे म्हटलं होतं?"

इंजिनियरने फाइल उघडली, पानं मागे टाकली आणि तिच्यापुढे धरली. "त्यांचा अर्ज ठरावाला जोडलेला आहे. त्यावरूनच आम्ही काम धरलं." त्याने एका ओळीखाली बोट ठेवलं.

*तरी काठावरील सर्व अडथळे दूर करून संरक्षक भिंत बांधून मिळावी, ही नम्र विनंती.*

खाली वडिलांची सही होती, नेहमीसारखी तिरपी, कागदाबाहेर जाऊ पाहणारी. वरचं अक्षर रीताचं होतं.

ओट्यावर बसून त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "लिही, नाल्याले भिंत पायजे." तेवढ्याने अर्ज उघडाबोडका वाटला, म्हणून बाकीचं तिने घातलं होतं. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला होता. म्हणाले होते, "वा! आता साहेब लोकाईले बराबर समजन."

आवाज ऐकून तिची आई मंदाबाई ओट्यावरून उतरून आली. पदराने हात पुसत तिने फाइलकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं हाय त्यात?"

रीताने आनंदरावांकडे पाहिलं. ते नाल्याकडे बघू लागले.

"भिंत," ती म्हणाली. "भिंत पाहिजे, असं लिहिलंय बाबांनी."

"मंग तू कायले अडवून राहिली?"

रीता बाजूला झाली.

"काकू, वास्ते निघतीन तं मायासाठी ठेवजा जी," विक्की हसत ओरडला. "कोवळे कोंब हायेत. माई बायको भाजी मस्त करते."

"घेऊन जा बाबू, सारेच घेऊन जा," मंदाबाई म्हणाली. "आमच्या घरचा खाणारा गेला."

विक्कीचं हसू गेलं. त्याने लिव्हर ओढला.

बेट सहजासहजी सुटलं नाही. अर्धा तास गेला. शेवटी निघालं तेव्हा त्याच्यासोबत काठाचा एक मोठा तुकडाही आला. विक्कीने तो तीनदा आपटला, तरी मुळांनी माती सोडली नाही. मग त्याने सगळं तसंच बाजूला टाकलं. इंजिनियरने मोकळ्या काठाचा फोटो घेतला आणि आनंदरावांची सही घेतली. गाडी सानगडीच्या रस्त्याला लागली. वास्ते तिथेच राहिले.

सगळे गेल्यावर मंदाबाई चिखलातून नव्या काठापर्यंत गेली. नाल्याकडे पाठ केली आणि घराकडे चालू लागली, लहान लहान पावलं टाकत, ओठ हलवत. नाला घराच्या किती जवळ आला ते बघायला दर दिवाळीला काठापासून दारापर्यंत जागेश्वर असेच चालत यायचे, पण लांब टांगा टाकत, मोठ्याने मोजत.

उंबऱ्याशी पोचून ती थांबली.

"चोवीस," ती म्हणाली. तिने बोटांवर पुन्हा एकदा पडताळून पाहिलं. "दिवाळीले तं तुया बाबाचे बावीस भरले होते. दोन वाढले का वं?"

मागे नाल्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

"हो," रीता म्हणाली. "वाढले."