नीट जेवतेस ना?

चांदोरकर सरांची शिफारसपत्रं आताशा त्यांचा एआय मेल-सहायकच लिहीत असे. विद्यार्थ्यांच्या विनंत्याही त्यांचे-त्यांचे सहायकच पाठवत. अदबीत कुठे काही कमी पडत नसे. ऋजुता या जुन्या विद्यार्थिनीसाठीचं पत्र मात्र सरांनी हट्टाने स्वतः लिहिलं. खाली, पूर्वी प्रयोगशाळेत विचारायचे तशी, एक ओळ आपसूक उतरली: "अगं, नीट जेवतेस ना?"

क्षणात तिच्या सहायकाचं उत्तर आलं. "आदरणीय सर, आपल्या नावाने कुणीतरी खोडसाळ मेल पाठवली आहे. आपण असं कधीच लिहीत नाही. ऋजुता यांना न दाखवता ती पत्रासकट काढून टाकली आहे."

सर खुलासा टाइप करू लागले, तोवर त्यांच्याच सहायकाने परस्पर उत्तर धाडलंही होतं: "क्षमस्व. नेहमीचं शिफारसपत्र सोबत जोडलं आहे. पुन्हा असं होणार नाही."