कुलपातला फोन

आमचे चिरंजीव स्वतःला फार शहाणे समजतात. नवं अपडेट आल्यापासून माझ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, तर खापर माझ्यावर! "आई, तूच दिवसभर व्हिडिओ बघतेस."

आज त्याने फोन पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून कामावर गेला. मी घरात एकटीच. दुपारी निवांत झोपले.

संध्याकाळी त्यानेच कुलूप काढलं. फोन तव्यासारखा तापलेला, बॅटरी संपलेली. चार्जरला लावून बघितलं, तर सगळी बॅटरी कॅमेऱ्याने खाल्लेली.

आत एकच नवा फोटो होता. पलंगावर मी झोपलेली आणि माझ्यामागे ते कुलूपबंद कपाट.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मी म्हटलं, "डोळे फाडून काय बघतोस? फोटोत मी आहे, म्हणजे काढणारी मी नव्हे. माग माफी!"