परत आलेली डबी

"थुंकी आहे ही. कफ आणा, कफ. खोलवर खोकून." लॅबच्या खिडकीतून डबी पुन्हा बाहेर आली.

पेशंटच्या बायकोने ती घेतली नाही. सकाळी हेच ऐकून ती जिना चढून वॉर्डात गेली होती, नवऱ्याला उठवून बसवलं होतं आणि तो निळा पडेपर्यंत त्याला खोकायला लावलं होतं. तिने खिडकीवर कोपर टेकलं.

"मॅडम, आणखी कुठून आणू? होतं तेवढं आणलंय."

लॅबमधली बाईही सकाळपासून एकटीच होती. जोडीदारीण रजेवर, आणि डब्यांची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललेली. अशा वेळी माणूस नियमाला धरून राहतो, डोकं चालवावं लागत नाही. नियम सोपा होता. फुप्फुसात जंतू शिरले की कफात पू येतो. पू दिसला नाही तर ती नुसती थुंकी, परत पाठवायची.

"काकू, थेंब काचेवर घेऊन, रंगवून पाहिला. पूच नाही. मी तरी काय करू?"

"पू कुठून येणार? कॅन्सरच्या औषधानं यांच्या पांढऱ्या पेशीच संपल्यात म्हणे. ताप हटत नाही. जंतू कुठला ते कळलं की औषध बदलतो म्हणालेत डॉक्टर. तुमच्यापाशी अडलंय सगळं."

बाईने डबी परत आत ओढली. पू म्हणजे तरी काय, जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच. ज्याच्याकडे लढणारेच उरले नाहीत, त्याच्याकडे मेलेले कुठून सापडणार? एवढी साधी गोष्ट, आणि ती तिला चांगली ठाऊक होती.

तिने काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली घातली. या वेळी पू शोधला नाही, नुसतं पाहिलं. लाल काड्यांसारखे जंतू, जत्रा लोटल्यासारखे. अडवायला कुणी नाही. काच सरकवता सरकवता कडेला एक मोठी पेशी दिसली आणि तिला स्वतःची लाज वाटली. ही पेशी तोंडात नसते. डबीतलं सगळं थेट फुप्फुसातून आलं होतं. सकाळचंही तसंच असणार.

तिने वॉर्डात फोन लावला. "कफच आहे, डॉक्टर. लाल काड्या, भरपूर." पलीकडून उत्तर आलं, औषध लगेच बदलतो.

मग तिने दार उघडलं. बाहेरच्यांना आत घ्यायचं नसतं, हाही नियमच.

"काकू, चुकलं माझं. सकाळीच कळायला हवं होतं."

"ते राहू द्या. यांच्या बाजूनं लढणारं कुणी आहे का त्या डबीत, तेवढं सांगा."

"एक आहे. या, बघा."

पेशंटच्या बायकोने स्टुलावर बसून चष्मा कपाळावर चढवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"हा टपोरा? पोट फुगलेला?"

"हो. राखणदार म्हणायचं त्याला. फुप्फुसातच मुक्काम असतो. येईल तो जंतू गिळत बसतो आणि बाकीच्यांना हाका मारतो."

"बाकीचे तर येणार नाहीत."

"नाही. निदान इतक्यात तरी नाही."

"तरी खातोच आहे मेला," ती म्हणाली. "म्हणजे यांचाच. सगळे पंगतीतून उठले तरी हे आपले ताटावर."

दोघींनाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

"चला, वर जा. पडा जरा."

तिने मान हलवली, पण उठली नाही. डोळा पुन्हा नळीला लावला आणि तापात असलेल्या माणसाशी बोलावं तशी हळू बोलली, "थोडं थांब रे बाबा. औषध निघालंय."

काच तापवतात तेव्हाच, रंग चढवण्याआधी, तिच्यावरचं सगळं मरून गेलेलं असतं. लॅबमधल्या बाईने पुढची डबी उचलली.