तळ्याकाठची सहल

"क्वालिटी तसूभरही कमी होता कामा नये!" जुनी कॅसेट देताना काकांनी एडिटरला चारदा बजावलं. तीस वर्षांपूर्वीची सहल, शूटिंग खुद्द काकांचं. एडिटरने ती जिवापाड जपून कॉम्प्युटरवर घेतली.

पडद्यावर नुसते पाय! काका बटण उलटं दाबत आले होते. बंद समजून कॅमेरा खाली धरला, की तो चालू.

"पण वाळूचा कण न् कण दिसतोय बघ," काका काकूंना म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर काकांच्या बुटाने काकूंची चप्पल अलगद तळ्यात ढकलली.

त्या हरवलेल्या चपलेवरून तीस वर्षं 'वेंधळी' म्हणवून घेतलेल्या काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"हे जरा पुसट करता येईल?" काका एडिटरच्या कानाशी लागले.

"दादा," काकू म्हणाल्या, "एवढाच तुकडा ठेवा. आणि क्वालिटी तसूभरही कमी होता कामा नये!"