सासूबाईंचा लॅपटॉप

पंखा बिघडलेलाच नव्हता. लॅपटॉपचं पोट उघडल्यावर दुसऱ्याच मिनिटाला स्नेझिनाला ते कळलं. पाती मोकळी फिरत होती, वायर जागेवर होती. पंख्याच्या पुढ्यात तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, तिच्यातून गरम हवा बाहेर पडते. त्या जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट. त्यात मांजराचे केस होते आणि विणायच्या तपकिरी लोकरीची तुसं. हवेला वाट नव्हती. म्हणून पंखा जीव तोडून घरघरायचा आणि दहा मिनिटांत लॅपटॉप तापून बंद पडायचा.

तिने चिमट्याने तो थर अख्खा उचलला. काम झालं होतं.

काउंटरच्या पलीकडे म्हातारी त्सेना पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत ती स्नेझिनाची सासू होती.

इतकं जुनं यंत्र उघडणारं व्हिदिन गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं. निम्मं गाव परदेशी गेलं होतं. नाहीतर त्सेना आपल्या या दुरुस्तीच्या दुकानाची पायरी कशाला चढते, असं स्नेझिनाला वाटलं. आल्या आल्या म्हातारीने एवढंच सांगितलं, की नात दर शनिवारी चार वाजता स्पेनहून बोलते आणि बोलता बोलता हे बंद पडतं. नात म्हणजे दारिना. स्नेझिनाची मुलगी.

दारिना सात वर्षांची असताना एकदा तापाने फणफणली होती. तेव्हा त्सेनाच म्हणाली होती, तू जा कामावर, मी आहे. पुढे घटस्फोटाच्या वेळी त्याच त्सेनाने कोर्टात शपथेवर सांगितलं, की सून आजारी लेकराला एकटं टाकून गेली. मुलगी बापाकडे, प्लामेनकडे गेली. प्लामेन तिला घेऊन स्पेनला निघून गेला. स्नेझिनाचा प्रत्येक फोन त्यानेच उचलला आणि ठेवून दिला. मग नंबर बदलला. तिची पत्रं न फोडता परत आली. दारिना आता सोळाची होती. तिचा चेहरा कसा झाला असेल, हे आईला ठाऊक नव्हतं. या बाईला तो दर आठवड्याला दिसत होता.

त्सेना खिडकीबाहेर बघत होती. स्नेझिनाने तो धुळीचा थर पुन्हा जाळीवर ठेवला आणि चिमट्याच्या टोकाने चारी बाजूंनी दाबून बसवला. दिवसभरात इतकं मन लावून तिने दुसरं काहीच केलं नव्हतं. मग झाकण लावलं, लॅपटॉप सुरू केला आणि पंख्याचा वेग अगदी कमी करून टाकला. घरघर थांबली. खोकला तेवढा गेला, दुखणं आतच राहिलं.

तिला बरं वाटलं. नातीचा चेहरा अर्ध्या वाक्यात विझेल. पुढच्या शनिवारी पुन्हा विझेल. म्हातारी हातात काळा पडदा घेऊन बसेल आणि कारण तिला कधीच कळणार नाही. बसू दे.

आता आवाज येणार नाही, असं तिने सांगितलं. पण त्सेना उठली नाही. चार वाजायलाच आलेत, इथेच बसून बोलू का, तुझं इंटरनेट चालेल का, असं तिने खाली मान घालून विचारलं. स्नेझिनाने होकार दिला. डोळ्यांदेखत बघायला मिळणार होतं.

चार वाजता दारिनाचा आवाज दुकानात आला. किंचित घोगरा, आपली भाषा बोलताना मधेच अडखळणारा. स्नेझिना मांडणीआड उभी राहिली. आजी-नात शाळेविषयी बोलल्या, दाढदुखीविषयी बोलल्या. सात-आठ मिनिटं गेली. मग मुलीने हळूच काहीतरी विचारलं. त्सेनाने मान डोलावली, स्नेझिनाला पुढे बोलावलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

पडद्यावर स्नेझिनाचंच कपाळ होतं, तिचेच जाड भुवयांचे डोळे. ते तिच्याकडे बघत होते.

"बाबा म्हणतो, माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून द्यायचीस," दारिना म्हणाली. "खरं आहे का ते, आई?"

स्नेझिनाने तोंड उघडलं. पडदा काळा झाला.

तिने लॅपटॉप उलटा केला. तो हाताला चटकत होता. पहिला स्क्रू बोटांतून निसटून फरशीवर पडला. दुसऱ्यावरून स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. झाकण निघाल्यावर चिमटा शोधण्याइतकाही धीर तिला राहिला नाही. तिने नखांनी तो थर ओढून काउंटरवर टाकला.

त्सेना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्याच लोकरीची तपकिरी तुसं होती ती. तिने बोट लावून पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, पण आवाज चढला नाही.

"मी तिला म्हटलं होतं, तुझी आई माझं काम नीट करायची नाही, आणि का करावं तिने?" ती म्हणाली. "तर म्हणाली, तू तिच्याकडे ने तर खरं, आजी. बाबा सांगतो तशी ती नसेलच."