बावन्न किलोची रोहू

मत्स्यबीज केंद्राची वही तपासताना निरीक्षक आष्टनकर एका ओळीवर थांबले. "संप्रेरकाचं इंजेक्शन, रोहू मादी, वजन बावन्न किलो? कौतिकाबाई, तुमच्या तळ्यातली मोठ्यात मोठी रोहू चार किलोची आहे."

"काट्यावर तोलूनच लिहिलंय, साहेब."

त्यांची नजर तिच्या पोटाकडे गेली. पाचवा महिना आता लपत नव्हता. मुलगी वयात येण्याआधीच सरकार तिच्या मेंदूतलं अंडी पिकवायला लावणारं तेच संप्रेरक बंद करून टाकत असे. आई होण्याचा परवाना मिळाला, तरच ते पुन्हा सुरू होई. कौतिकाचा अर्ज तीनदा फेटाळला गेला होता.

"माशाचं औषध टोचून घेतलंत?"

"मासा आणि माणूस एकाच मुळातले, साहेब. मेंदूतली ही किल्ली कोट्यवधी वर्षांची आहे. तुमचं कुलूप कालपरवाचं."

"मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा की! पण नोंद आधी नीट करते."

तिने 'रोहू' खोडून ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. मग दाराशी थांबलेल्या बायकांकडे वळून ती म्हणाली, "शेवंता, ये गं. काट्यावर उभी राहा."